पब्लिक लँडवर धनुष्याने पहिली एल्क शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी आता बो घेऊन रेंजवर जायला लागलीत, आणि वर्ष-दोन वर्षं टार्गेटवर बाण मारून झाले की पुढचा प्रश्न येतोच, एल्कला, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या शिकारीला, कधी जायचं? मी कोलोरॅडोत राहते म्हणून उदाहरणं बहुतेक इथलीच देतेय, बाकी राज्यांत नियम वेगळे असतात तेव्हा त्या त्या वर्षीचं नियमपुस्तक स्वतः वाचायचंच. आणि एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, प्लॅनिंग उलट्या बाजूने करा. म्हणजे असं समजा की एल्क पडलाय, संध्याकाळचे सात वाजलेत, गाडी अडीच मैल लांब आहे आणि दिवसभर चांगलंच ऊन होतं, आता हे दोनशे पाउंड मांस थंड कसं ठेवणार आणि खाली कसं नेणार? याचं उत्तर आधी काढा, मग टॅग (एक जनावर मारायचा परवाना), युनिट (शिकारीसाठी आखलेला भाग), बो, कॅम्प सगळं त्या हिशोबाने ठरवा.

एल्क म्हणजे नक्की केवढा प्राणी?

आपल्या सांबरापेक्षा मोठा. भारतातला त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे काश्मीरचा हंगुल. मोठा नर, म्हणजे बुल, ६०० ते ८०० पाउंड, मादी ४५० ते ५५० च्या आसपास. हाडं काढून खायचं मांस साधारण १८० ते २५० पाउंड मिळतं. व्हाइटटेल हरणाची सवय असलेल्या माणसालासुद्धा जवळ गेल्यावर धक्का बसतो, हरीण दोघं मिळून ओढत गाडीपर्यंत आणू शकतात, एल्क जागचा हलत नाही.

भारतात शिकारीला बंदी, मग इथे हे कसं चालतं?

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच असायला हवी, तिकडे यातलं काहीही करून बघायचं नाही. अमेरिकेत वन्यप्राणी कोणाच्या मालकीचे नसतात, राज्य सगळ्यांच्या वतीने ते सांभाळतं, दरवर्षी कळपाची गणती करून कुठल्या भागात किती टॅग द्यायचे ते ठरवतं. एकेकाळी इथे एल्क जवळजवळ संपले होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाखाच्या खाली आले होते, आज उत्तर अमेरिकेत साधारण दहा लाख आहेत आणि एकट्या कोलोरॅडोत पावणेतीन-तीन लाख. यामागे बाजारासाठी होणारी शिकार बंद करणं होतं, आणि लायसन्सचा पैसा होता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा टॅक्स राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला, पुढे १९७२ मध्ये धनुष्यबाणही त्यात आले. म्हणजे तुम्ही बो विकत घेता तेव्हाच त्या जंगलासाठी थोडे पैसे भरलेले असतात.

मी एच-वन वर आहे, मला लायसन्स मिळतं का?

मिळतं. शिकारीच्या लायसन्सला नागरिकत्व लागत नाही. बंदुकीच्या बाबतीत फेडरल कायदा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना अडवतो (शिकारीचं वैध लायसन्स असेल तर त्यातही सूट आहे), पण धनुष्य त्या कायद्यात बंदूक म्हणून धरलंच जात नाही त्यामुळे आपल्यासाठी बो हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. कोलोरॅडोत सलग सहा महिने राहून इथलंच घर मुख्य घर असेल तर रेसिडेंट दराने टॅग मिळतो, आणि तो फरक फार मोठा आहे, रेसिडेंटला साठ-सत्तर डॉलर आणि बाहेरच्याला ८०० च्या आसपास. त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला, म्हणजे तुम्हाला लागणारच. आयडाहो आणि मोंटानात धनुष्याने शिकार करायची तर बोहंटर एज्युकेशन वेगळं, ते ऐनवेळी होत नाही, हिवाळ्यातच उरकून टाका.

टॅग कसा मिळतो? आधी म्हणे थेट दुकानातून मिळायचा?

हो, कोलोरॅडोत बाहेरच्या राज्यातल्या माणसालासुद्धा आर्चरीचा ओटीसी टॅग, म्हणजे ड्रॉशिवाय (सोडतीशिवाय), काउंटरवर पैसे भरून मिळायचा. २०२५ पासून आय-पंचवीस हायवेच्या पश्चिमेला नॉन-रेसिडेंटसाठी तो बंद झाला, आणि एल्क मुख्यतः तिकडेच असतात. आता बाहेरच्यांनी ड्रॉमध्येच अर्ज करायचा. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून ऑगस्टमध्ये टॅग घ्यायला निघालेले लोक अजून भेटतात म्हणून हे ठळक सांगतेय. अर्ज मार्चमध्ये सुरू होतात, मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, आणि अर्ज करायच्या आधी एक क्वालिफायिंग लायसन्स घ्यावं लागतं, स्मॉल गेम किंवा स्प्रिंग टर्की वगैरे. अर्जात चार पसंती देता येतात. पहिल्यात नंबर लागला नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो, पुढच्या ड्रॉमध्ये तो कामी येतो. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर मागच्या वर्षांचे ड्रॉ रिपोर्ट असतात, कुठलं युनिट किती पॉइंटला निघालं ते त्यात दिसतं, एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसा, दहा वर्षं पॉइंट साठवत बसण्यापेक्षा कमी पॉइंटचं साधं युनिट घेऊन दरवर्षी डोंगरात जाणारा माणूस जास्त शिकतो असं माझं ठाम मत आहे.

वायोमिंगची मुदत अजून लवकर, फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच, शिवाय तिथे विल्डरनेस भागात (कायद्याने राखलेल्या, रस्ते-गाड्या नसलेल्या जंगलात) बाहेरच्या माणसाला गाइडशिवाय एल्कची शिकार करता येत नाही. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, सरळ लॉटरी.

पब्लिक लँड म्हणजे नक्की कुठली जमीन?

मुख्यतः दोन, फॉरेस्ट सर्व्हिसची नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमची, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याची जमीन. दोन्ही मिळून ४० कोटी एकरांच्या वर जातात, बहुतेक सगळी पश्चिमेकडच्या राज्यांत. इथे तंबू टाकायला साधारण १४ दिवसांपर्यंत परवानगी असते, पैसे लागत नाहीत. नॅशनल पार्कात मात्र शिकार नाही, रॉकी माउंटन नॅशनल पार्कात रस्त्याकडेला उभे असलेले बुल बघून हुरळून जाऊ नका. राज्याच्या ट्रस्ट जमिनी कोलोरॅडोत आपोआप खुल्या नसतात, त्यातल्या ठरावीकच असतात. फोनमध्ये ऑनएक्ससारखं ॲप हवंच, हद्द कुठे संपते ते त्यावर दिसतं, पण मॅप आधी डाउनलोड करून ठेवा कारण वर रेंज नसते. फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर गाड्यांचा नकाशाही घ्या, कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते आणि कुठला नुसताच जुना कच्चा रस्ता आहे ते त्यातूनच कळतं.

सप्टेंबरमध्ये कधी जाऊ?

कोलोरॅडोचा आर्चरी सीझन २ ते ३० सप्टेंबर. पहिल्या आठवड्यात बुल शांत असतात, गरमी असते, पाणवठा आणि चिखलाच्या डबक्यावर बसणाऱ्याला संधी असते. १५ नंतर ओरडणं वाढतं, २० ते २५ च्या सुमाराला माज ऐन भरात असतो, बगल (बुलची लांब, शिट्टीसारखी हाक) ऐकून अंगावर काटा येतो तो हाच काळ. पण महिन्याच्या मध्यावर नऊ दिवस मझललोडरवालेही (नळीच्या तोंडातून भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीवाले) डोंगरात असतात, गर्दी वाढते. एकच आठवडा सुट्टी मिळत असेल तर मी शेवटचा घेईन, रात्री थंड असतात आणि मांस वाचतं.

बो कुठला, किती पाउंडचा?

कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य, घ्या. कोलोरॅडोत कायद्याने कमीत कमी ३५ पाउंड ड्रॉ वेट (दोरी खेचायला लागणारा जोर) लागतं, काही राज्यांत जास्त, क्रॉसबो आर्चरी सीझनमध्ये चालत नाही. एल्कसाठी ५५ ते ६५ पाउंड पुरेसं आहे, बायकांनी यापेक्षा कमी वजनाने, जड बाण आणि धारदार फिक्स्ड ब्लेड ब्रॉडहेड (न मिटणाऱ्या पात्यांचं शिकारीचं टोक) लावून व्यवस्थित एल्क मारलेत. ७० पाउंड खेचताना धनुष्य आकाशाकडे जात असेल तर ते तुमचं वजन नाही, कमी करा. बाणाचं वजन ४०० ग्रेनच्या (बाण मोजायचं छोटं वजनमाप) वर ठेवा. बो दुकानात जाऊन मापाने सेट करून घ्या, ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे खेचली जाते ते) चुकीची असेल तर कितीही प्रॅक्टिस केली तरी बाण एका जागी बसत नाहीत.

किती लांबून बाण मारायचा?

सकाळी उठून, हात थंड असताना, पाठीवर पॅक घेऊन, गुडघ्यावर बसून पहिला बाण जेवणाच्या कागदी प्लेटमध्ये जितक्या लांबून दर वेळी बसतो तेवढीच तुमची रेंज. बहुतेकांची ती ३०-४० यार्ड निघते आणि तेवढी चालते, एल्क झाडीत बहुधा त्याच अंतरावर येतो. रेंजवर ८० यार्डला मारता येतं ही वेगळी गोष्ट आहे, टार्गेट पाऊल उचलत नाही. ऑगस्टपासून फक्त ब्रॉडहेड लावून प्रॅक्टिस करा, फील्ड पॉइंटपेक्षा (प्रॅक्टिसच्या साध्या टोकापेक्षा) ते कधीकधी वेगळीकडे जातात. आडवा उभा असेल किंवा थोडा तुमच्यापासून पलीकडे वळलेला असेल तरच सोडा. समोरासमोर तोंड करून उभा असेल तर पहिल्या शिकारीत थांबा, जाऊ दे.

वाऱ्याबद्दल सगळे इतकं का बोलतात?

कारण एल्क तुम्हाला बघून एकदा थबकेल, ऐकून दोनदा विचार करेल, पण वास आला की सगळा कळप डोंगरापलीकडे जातो आणि त्या दिवसापुरता विषय संपतो. वास घालवणारे स्प्रे, साबण, कपडे यावर मी एक डॉलर खर्च करणार नाही.

डोंगरात वारा दिवसभरात दिशा बदलतो. रात्री आणि पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन उतारावर पडलं, साधारण आठ-साडेनऊच्या दरम्यान, की हवा तापून वर चढायला लागते, संध्याकाळी ऊन गेलं की परत खाली. मधल्या अर्ध्या-एक तासात ती कुठेही भोवंडते. खिशात पावडरची छोटी बाटली ठेवतात, दर दहा मिनिटांनी एक फुंकारा मारायचा आणि पावडर नजरेआड होईपर्यंत बघत राहायचं, कारण पायाजवळ ती खाली जाते आणि वीस यार्डावर, जिथे उन्हाचा पट्टा सुरू होतो, तिथे उचलली जाऊन मागे वळते, हे नुसतं गालावरच्या वाऱ्यावरून कधीच कळणार नाही. म्हणून सकाळी एल्कच्या खालून किंवा बाजूने जायचं, हवा फिरल्यावर वरून. आणि हवा फिरत असताना, बुल कितीही ओरडत असला तरी, आहे तिथेच बसून राहायचं. सगळ्यात अवघड काम हेच आहे.

एल्क शोधायचा कुठे?

चारा, पाणी, आणि दुपारी लपायला उत्तरेकडच्या उतारावरची गच्च सावली, या तीन गोष्टी जवळजवळ असतील तिथे. सॅटेलाइट नकाशावर उत्तर उतारावरचे सपाट बेंच शोधा, तिथे ते दुपारी बसतात. रस्त्यापासून मैल-दीड मैल आत गेलं की माणसं कमी होतात, पण याचा अर्थ सहा मैल आत जायचं असा नाही, इथे परत तोच हिशोब, मांस खाली आणायचंय. कधीकधी रस्त्याच्या अगदी खालच्या खोल दरीत एल्क असतात कारण सगळे लोक त्यांच्या डोक्यावरून गाडी घेऊन पुढे गेलेले असतात. फ्लॅट टॉप्सकडे कोलोरॅडोतला सगळ्यात मोठा कळप आहे, अर्थात माणसंही तिथेच जास्त. एका जागेवर जीव लावू नका, पाच जागा नकाशावर काढून ठेवा, ताजी लेंडी, ताजा वास (गोठ्यासारखा येतो, नाकाने कळतो), ओला चिखल दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी पुढची जागा.

कॉल वाजवता यायलाच हवा का?

मादीचा आवाज तेवढा शिका. तोंडात धरायचा डायफ्राम (पातळ पडद्याची शिट्टी) दिसायला सोपा वाटतो पण सुरुवातीला उलटी होईल असं होतं, गाडीत येता-जाता वाजवत राहा, महिन्याभरात जमतं. बगल ट्यूब घेऊन दर टेकडीवर ओरडत फिरू नका, पब्लिक लँडवरच्या बुलने सप्टेंबरभर तेच ऐकलेलं असतं. दोघं असाल तर कॉल करणाऱ्याने मारणाऱ्याच्या चाळीस-पन्नास यार्ड मागे बसावं, बुल आवाजाकडे येतो आणि तिथे मादी दिसत नाही म्हणून अलीकडेच थांबतो, तिथेच पुढचा माणूस असतो.

बाण लागला. पुढे काय?

हलू नका. कुठे लागला, तो कुठून गेला, शेवटचा कुठल्या झाडापाशी दिसला ते डोक्यात पक्कं करा, ॲपवर खूण करा. मग बाण शोधा. फिकट गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा-एक तास थांबून जा. काळपट लाल असेल तर यकृत, चार ते सहा तास. हिरवट घाण, वास येत असेल तर पोट, आठ-दहा तास किंवा जास्त, जवळ गेलात तर तो उठून दोन मैल जाईल आणि सापडणार नाही. पाऊस-बर्फ येत असेल किंवा खूप गरम असेल तर निर्णय अवघड होतो, तरी पोटाला लागलेल्याला ढकलू नये. रक्ताच्या प्रत्येक थेंबापाशी टिश्यूचा तुकडा ठेवत जा, मागे वळून बघितलं की रांगेवरून दिशा कळते. जखमी केलेल्या जनावराला शोधण्यात उरलेली सगळी सुट्टी गेली तरी जाऊ दे, तेवढं देणं लागतो आपण.

एल्क पडल्यावर एवढं मांस कसं काढायचं?

आधी टॅग फाडून, सही-तारीख घालून मोकळे व्हा, मग फोटो, मग लगेच सुरी. पोट न फोडता करायची पद्धत शिका, गटलेस म्हणतात तिला. जनावर कुशीवर असताना मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून कातडीला चीर द्यायची आणि कातडी पोटाकडे सोलत न्यायची. पुढचा पाय सगळ्यात सोपा, तिथे सांधाच नसतो, खांदा नुसत्या मांसाने छातीला चिकटलेला असतो, पाय वर उचलून धरला की सुरी आपोआप आत सरकते. मागच्या मांडीला खुब्याचा गोळा-वाटीचा सांधा सापडेपर्यंत हाडाला धरून जायचं. मग पाठीचा पट्टा, मानेचं मांस, शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतलं टेंडरलॉइन, आणि जनावर उलटून दुसरी बाजू. कोलोरॅडोत नर-मादीचा पुरावा मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, सगळं साफ करताना तो कापून टाकू नका. आणि बऱ्याच युनिटमध्ये बुलच्या एका शिंगाला चार टोकं किंवा पाच इंचांचं भुवईचं टोक (शिंगाचं कपाळाजवळचं पहिलं टोक) हवं, हे बाण सोडायच्या आधी बघायचं.

मांस खराब होतं ते माश्यांपेक्षा उष्णतेने, आणि सुरुवात होते मांडीच्या हाडाजवळून, कारण तिथे मांस सगळ्यात जाड असतं. गरम दिवस असेल तर मांडी हाडापर्यंत उघडा किंवा हाड काढूनच टाका. कातडी निघाली की अर्धं काम झालं. मांस जाळीच्या गेम बॅगमध्ये, सावलीत, फांदीला टांगून, चारी बाजूंनी हवा लागेल असं. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही. ओढ्याकाठची थंड हवा रात्रभर मांस छान ठेवते.

मग वाहणं. माणशी एका फेरीला ५० ते ७० पाउंड, म्हणजे बुलच्या चार-पाच फेऱ्या. अडीच मैल असेल आणि एकटे असाल तर जाऊन-येऊन वीसेक मैल होतात, त्यातले अर्धे ओझ्यासकट. विल्डरनेसमध्ये चाकाची गाडी नेता येत नाही, हातगाडीसुद्धा नाही, हे १९६४ च्या कायद्यातच आहे. जवळच्या गावात घोडेवाले पॅकर असतात, जायच्या आधी फोन करून दर आणि वेळ विचारून ठेवा. एवढं जमत नसेल तर गाडीपासून एक मैलाच्या आतच शिकार करा, यात कमीपणा काही नाही. खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं कायद्याने गुन्हा आहे.

उंचीचा त्रास होतो का?

टेक्सास-न्यू जर्सीहून येणाऱ्या बऱ्याच जणांना होतो. शिकार ८,००० ते ११,५०० फुटांवर असते. दोन दिवस आधी या, पहिली रात्र डेन्व्हरला किंवा तेवढ्याच उंचीवर काढा, पाणी भरपूर. डोकं दुखणं, मळमळ चालते, पण बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर त्याच रात्री खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. तयारी म्हणून जिन्यावर ४० पाउंडाची पिशवी घेऊन चढ-उतार करा, ट्रेडमिलवर पळणं याला कमी पडतं. दुपारी विजा होतात, सप्टेंबरमध्ये बर्फही पडतं. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, खासकरून एकटे असाल तर. खायला आपला गुळाचा लाडू, शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ उत्तम, वजनाला कमी आणि ताकद जास्त.

अस्वलांचं काय?

कोलोरॅडोत काळं अस्वल आहे, खाणं गाडीत बंद ठेवा किंवा लांब झाडाला टांगा. ग्रिझली आहेत यलोस्टोनच्या आजूबाजूला, वायोमिंग-मोंटाना-आयडाहोत, तिकडे पहिली शिकार करू नका असंच मी सांगते, आणि गेलातच तर बेअर स्प्रे पट्ट्याला, बॅगेत नाही, आणि रात्री मांसापाशी एकट्याने परत जायचं नाही.

पहिल्याच वर्षी एल्क मिळेल का?

कोलोरॅडोत आर्चरीत साधारण दहा-पंधरा टक्के लोकांना मिळतो, त्यात दरवर्षी मिळवणारे तेच ते अनुभवीही आले. म्हणून टॅग दोन्ही चालणारा असेल, म्हणजे नर किंवा मादी, तर मादी आली की ती संधी घालवू नका. मांस तर जास्तच चांगलं.

मांस घरी नेणं आणि तो सीडब्ल्यूडी आजार, नक्की काय भानगड आहे?

हाडं काढलेल्या एल्कला साधारण १२० क्वार्टचे दोन कूलर लागतात. निघतानाच घरून दुधाच्या गॅलन बाटल्यांत पाणी गोठवून आणा, सुट्टा बर्फ वितळून मांस पाण्यात पोहतं. सीडब्ल्यूडी हा हरीण-एल्कच्या मेंदूचा आजार, १९६७ मध्ये तो पहिल्यांदा कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात दिसला. माणसाला झाल्याची केस नाही, तरी सीडीसी (अमेरिकेची केंद्रीय आरोग्य संस्था) सांगते की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मांस खाऊ नका. टेस्टसाठी डोकं खात्याच्या केंद्रावर द्यायचं असतं. बरीच राज्यं मेंदू आणि कणा हद्दीत आणू देत नाहीत, तेव्हा वाटेतल्या राज्यांचे नियमही बघा, शिंगं नेताना कवटी पूर्ण साफ हवी. खाटकाकडे देत असाल तर माझं मांस दुसऱ्याच्यात मिसळू नका असं स्पष्ट सांगा, आणि रिपोर्ट येईपर्यंत पाकिटांवर तारीख लिहून फ्रीझरमध्ये वेगळी ठेवा, कोणाला वाटू नका.